सलोखा आणि सुलूक



ईदची सकाळ क्षणभर डोळ्यांपुढे आणा. नवे कपडे, अत्तराचा वास आणि ओठांवर तकबीर. गावच्या ईदगाहवर सफा लागल्या आहेत. एकाच सफेत, मध्ये चार माणसे सोडून, दोन सख्खे भाऊ उभे आहेत. दोघांनीही महिनाभर रोजे धरले, तरावीह चुकवली नाही, फितराही वेळेवर दिला. नमाज झाली, खुतबा झाला आणि माणसे एकमेकांच्या गळ्यात पडू लागली. हे दोघे मात्र दोन दिशांना वळले आणि आपापल्या चपला शोधून घरी निघून गेले. बांधावरून, वाटणीवरून किंवा लग्नकार्यातल्या मानापमानावरून काहीतरी झाले होते. त्याला आता वर्षे लोटली. मूळ कारण मुलांना धड सांगताही येत नाही, पण चुलत भावंडांनी एकमेकांच्या घरी जायचे नाही, एवढे त्यांना पाठ झाले आहे.

असे दोन भाऊ आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत. कदाचित त्यांपैकी एक आपणच असू. अशा वेळी मनाची समजूत घालण्याचे एक वाक्य आपल्याकडे तयार असते. "नमाज-रोजा हा माझा आणि अल्लाहचा मामला आहे; भावाशी असलेले भांडण हा माझा आणि भावाचा मामला आहे." दोन वह्या, दोन हिशेब. एकात जमा झाली की दुसऱ्यातली बाकी कोणी विचारत नाही, असा आपला समज.

हा समज बरोबर आहे काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. उपदेशाचा अधिकार माझा नाही. इतिहासाची काही पाने आपल्यासमोर उघडावीत, त्यांतली काही मदीनेची आणि काही आपल्या मावळाची, एवढाच हेतू आहे.

एक शब्द, दोन अर्थ

मराठीत आपण 'सलोखा' हा शब्द रोज वापरतो. भांडण मिटले की सलोखा झाला म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी 'सुलूक'. मराठीत तो आधी 'सलूख' झाला आणि मग 'सलोखा'. सुलूक म्हणजे चालणे, वाटेने जाणे, आणि त्यावरून वर्तन, वागणूक. सूफी संतांच्या परिभाषेत या शब्दाला आणखी एक अर्थ आला. अल्लाहच्या दिशेने माणूस जी वाटचाल करतो तिला ते सुलूक म्हणतात आणि त्या वाटसरूला सालिक.

म्हणजे एकच शब्द खानकाहमध्ये अल्लाहकडे जाण्याची वाट ठरला आणि तोच मावळच्या शेतकऱ्याच्या तोंडी शेजाऱ्याशी जुळवून घेणे ठरला. हा भाषेचा योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण आमच्या वाडवडिलांना या दोन वाटा एकमेकींपासून फार दूरच्या वाटत नसाव्यात, असे पुढील हकीकतींवरून दिसते.

हजरत अबू बकर यांची शपथ

पहिली हकीकत मदीनेची. हजरत अबू बकर (रजि.) यांचा मिस्तह नावाचा एक गरीब नातेवाईक होता. मक्का सोडून आलेला, बद्रच्या लढाईत भाग घेतलेला. त्याचा खर्च हजरत अबू बकर चालवीत. पुढे उम्मुल मोमिनीन हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर काही लोकांनी खोटा आळ घेतला. ती गोष्ट पसरवणाऱ्यांत हा मिस्तहही होता. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्याच मुलीच्या अब्रूवर त्याने जीभ चालवली! कुरआन शरीफने हजरत आयेशांचे निर्दोषत्व जाहीर केले, तेव्हा हजरत अबू बकर यांनी शपथ घेतली की, यापुढे मिस्तहला काहीही द्यायचे नाही.

वाचकहो, या शपथेत तुम्हाला-आम्हाला काही गैर वाटेल काय? कोणताही बाप असेच म्हणेल. पण याच प्रसंगी सूरह नूरची बाविसावी आयत आली. ज्यांना अल्लाहने ऐपत दिली आहे त्यांनी नातेवाइकांना, गरिबांना आणि हिजरत करून आलेल्यांना मदत न करण्याची शपथ घेऊ नये, त्यांनी माफ करावे, असा तिचा आशय आहे. आणि पुढे एक प्रश्न आहे. अल्लाहने तुम्हाला माफ करावे, असे तुम्हाला वाटत नाही काय, अशा अर्थाचा. हजरत अबू बकर यांनी तत्काळ उत्तर दिले की, मला तेच हवे आहे. आणि मिस्तहचा खर्च पूर्ववत सुरू झाला.

येथे दोन वह्यांचा समज संपतो. आपण दुसऱ्याला दिलेली माफी आणि आपल्याला हवी असलेली अल्लाहची माफी, या दोन्ही एकाच आयतीत एकमेकींना बांधलेल्या आहेत. आणि हे बांधकाम करताना आरोप किरकोळ होता असे म्हटलेले नाही. मिस्तहचा अपराध अपराधच राहिला. तो लपवून नव्हे, तर समोर ठेवून माफ करायला सांगितले गेले.

देणे आणि सोडणे

आता दुसरी बाजू. मिस्तहच्या प्रसंगात माफ करणारा मोठा होता. पण भांडणात ज्याच्याकडे दुसऱ्याचे काही अडकलेले आहे, त्याने काय करावे?

आमच्या उलेमांनी माणसावरच्या हक्कांचे दोन भाग केले आहेत. पहिला हुकूकुल्लाह, म्हणजे अल्लाहचे हक्क. नमाज, रोजा, हज हे यांत येतात. दुसरा हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क. कोणाचे पैसे, कोणाची जमीन, कोणाची मजुरी, कोणाची अब्रू. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तौबा करता येते आणि तो दयाळू आहे. बंद्याच्या हक्कात कसूर झाली तर मात्र आधी त्या बंद्याकडे जावे लागते. त्याचे त्याला परत करावे लागते किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावे लागते.

हदीसच्या ग्रंथांत याची एक हृदयस्पर्शी घटना आहे. एक जनाजा आणला गेला. हजरत मुहंमद पैगंबर (स.अ.) यांनी विचारले की, मयतावर काही कर्ज आहे काय? दोन-तीन दिनारांचे कर्ज होते आणि ते फेडण्यापुरते मागे काही ठेवलेले नव्हते. तेव्हा पैगंबरसाहेबांनी, तुम्हीच तुमच्या या साथीदाराची नमाज पढा, असे लोकांना सांगितले. हजरत अबू कतादा (रजि.) पुढे झाले आणि त्यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले. मगच पैगंबरसाहेबांनी जनाजाची नमाज पढवली. विचार करा. थोडे दिनार, तेही मेलेल्या माणसाचे! पण त्यांच्यापायी पैगंबरसाहेबांची नमाज थांबली.

याच अर्थाची आणखी एक हदीस सर्वांना परिचित आहे. खरा दिवाळखोर कोण? जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात यांचे ढीग घेऊन येईल, पण ज्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणाचा माल खाल्ला असेल, कोणाला मारले असेल, तो. त्याची पुण्याई एकेका फिर्यादीला वाटली जाईल आणि ती संपली की त्यांची पापे याच्या माथी येतील. ईदगाहवरून न भेटता परतणाऱ्या आपल्या त्या दोघा भावांनी ही हदीस अनेकदा ऐकलेली असते. फक्त ती ऐकताना प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे दुसरा भाऊ असतो.

नाव पुसण्याची तयारी

सलोखा होत नाही याचे कारण नेहमी पैसाच असतो असे नाही. पुष्कळदा पैसा सोडायला माणूस तयार होतो, पण मान सोडायला होत नाही. "आधी त्याने यावे." या तीन शब्दांवर कितीतरी घरे वर्षानुवर्षे अडून राहिली आहेत.

सन ६२८ मध्ये, म्हणजे हिजरी ६ मध्ये, पैगंबरसाहेब सुमारे चौदाशे साथीदारांसह उमऱ्यासाठी मक्केकडे निघाले. कुरैशांनी त्यांना हुदैबिया येथे अडवले. वाटाघाटी झाल्या. तह लिहिताना हजरत अली (रजि.) यांनी 'अल्लाहचे रसूल मुहंमद' असे शब्द लिहिले. कुरैशांचा वकील सुहैल याने हरकत घेतली. आम्ही तुम्हाला रसूल मानत असतो तर अडवले कशाला असते, असे त्याचे म्हणणे. ते शब्द पुसायला हजरत अलींचा हात धजेना. तेव्हा पैगंबरसाहेबांनी ते स्वतः पुसले आणि तेथे 'अब्दुल्लाहचा मुलगा मुहंमद' असे लिहिले गेले. त्या वर्षी उमरा न करता परत जायचे, पुढच्या वर्षी तीन दिवसांसाठी यायचे, दहा वर्षे लढाई बंद, अशा अटी ठरल्या. हजरत उमर (रजि.) यांच्यासारख्यांनाही हा तह कमीपणाचा वाटला. पण परतीच्या वाटेवर सूरह फतह उतरली आणि तिने याच तहाला उघड विजय म्हटले.

दोनच वर्षांनी मक्का हाती आली. ज्यांनी वीस वर्षे छळले ते समोर मान खाली घालून उभे होते. हजरत यूसुफ (अलै.) यांनी आपल्या भावांना जे सांगितले होते त्याचा दाखला देऊन पैगंबरसाहेबांनी सर्वसाधारण माफी जाहीर केली. भावांनी विहिरीत टाकलेला यूसुफ हाच तो दाखला असावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. भाऊबंदकीचे दुखणे किती जुने आहे पाहा!

मावळातली मजलिस

वाचकहो, ही झाली अरबस्तानातील हकीकत. कोणी म्हणेल, त्या थोर माणसांच्या गोष्टी आपल्याला कशा झेपणार? म्हणून आता आपल्याच डोंगरात येऊ.

आजचा मुळशी तालुका म्हणजे जुन्या मावळची खोरी. पौड खोऱ्यात ढमाले, मुठे खोऱ्यात मारणे, मोसे खोऱ्यात पासलकर हे देशमुख. निजामशाही, आदिलशाही आणि पुढे शिवशाही, अशा राजवटी बदलल्या, पण जमीन आणि वतन यांवरून होणारे भांडण मिटवण्याची रीत साधारण तीच राहिली. गोतसभा बसे. तिच्यात देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार असत. मोठ्या तंट्याची मजलिस भरे तेव्हा सरकारी अंमलदारांबरोबर काजीही हजर असत. अशा सभांचे कागद इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आणि त्यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने मोठ्या कष्टाने जमवले. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात या रीतीचा साद्यंत अभ्यास केला आहे.

या सभेचे शब्द ऐका. वादी-प्रतिवादी आधी 'राजीनामा' देत. आजच्यासारखा नोकरी सोडण्याचा कागद नव्हे. गोत जे ठरवील ते आम्हाला राजी, असे लिहून देण्याचा कागद. मग दोघांचे 'जामीन' घेतले जात. दोघांची 'तकरीर' म्हणजे कैफियत लिहिली जाई. निवाडा झाला की 'महजर' तयार होई आणि त्यावर सर्वांच्या निशाण्या उमटत. पाटलाचा नांगर, कारागिरांच्या हत्यारांची चित्रे, काजींची मोहोर. हरणारा 'यजितखत' लिहून देई, म्हणजे माझा दावा खोटा ठरला, आता मी मागणी करणार नाही. राजीनामा, जामीन, तकरीर, महजर. विद्यार्थी मित्रांनो, हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मावळच्या सर्व जातिधर्मांच्या माणसांनी आपापली भांडणे त्यांच्या आधाराने मिटवली.

आता मुख्य मुद्दा. साक्षीपुराव्याने निकाल लागेना, तर प्रश्न देवापुढे नेला जाई. हिंदू पक्षकाराला देवळात शपथ असे, मुसलमानाला मशिदीत. आणि कागदाच्या शेवटी पुष्कळदा अशी आण घातलेली असे की, हा करार जो मोडील तो हिंदू असल्यास त्याला गाईची शपथ आणि मुसलमान असल्यास त्याच्या धर्मात निषिद्ध असलेल्या जनावराची शपथ. याचा अर्थ काय? शेजाऱ्याशी केलेला सलोखा मोडणे म्हणजे आपला धर्म मोडणे, हे त्या निरक्षर शेतकऱ्याला मान्य होते. नांगराची निशाणी करणाऱ्या त्या पाटलाने आणि मोहोर उमटवणाऱ्या त्या काजीने दोन वह्या ठेवल्या नव्हत्या.

मान सोडण्याचा दाखलाही याच डोंगरात आहे. शेजारच्या, आजच्या भोर तालुक्यातल्या मुलखात रोहिड खोऱ्याचे जेधे आणि हिरडस मावळचे बांदल या दोन देशमुख घराण्यांत जुने वैर होते. त्या वैरात रक्तही सांडले होते. पुढे दोन्ही घराणी छत्रपती शिवाजी महाराजांच्या पाठीशी उभी राहिली. १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत बांदलांच्या लोकांनी प्राण देऊन वाट रोखली. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान तोवर जेध्यांचा होता. तो बांदलांना द्यावा असे महाराजांच्या मनात आले आणि जेध्यांनी तो सोडला, अशी हकीकत या घराण्यांच्या इतिहासात येते. ज्याच्याशी पिढ्यान्पिढ्यांचे वैर त्यालाच पहिला मान! हुदैबियाची उंची निराळी, त्याची बरोबरी कोणी करू नये. पण मान सोडल्याने घराणे लहान होत नाही, हे समजायला जेध्यांचे उदाहरण पुरेसे आहे.

मुळशीचे पाणी

येथपर्यंत वाचून कोणी असे म्हणेल, "तर मग सोडून द्या, मिटवून टाका, एवढेच ना?" नाही. सलोख्याच्या नावाखाली अन्यायही खपवला जातो आणि त्याची मोठी आठवण आपल्याच तालुक्यात पाण्याखाली आहे.

मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतले. ज्या मावळ्यांची घरे आणि भातखाचरे बुडणार होती त्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे यांनी या लढ्यात भाग घेतला आणि नंतर त्याचा इतिहास लिहून ठेवला. स्त्रियाही तुरुंगात गेल्या. काम काही काळ थांबले आणि पुन्हा सुरू झाले. १९२४ पर्यंत लढा चालला आणि अखेर मोडला. धरण पूर्ण झाले. सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथे वीज तयार होऊ लागली. आज पावसाळ्यात तो जलाशय पाहायला हौशी लोक गर्दी करतात. त्याच्या तळाशी गावे होती हे त्यांपैकी किती जणांना माहीत असते?

हा लढा का मोडला, याची कारणे अभ्यासकांनी दिली आहेत. त्यांतले एक आपल्या विषयाशी निगडित आहे. पुष्कळ जमिनी सावकारांकडे गहाण पडल्या होत्या किंवा त्यांच्या नावावर झाल्या होत्या. नुकसानभरपाईची बोलणी सुरू झाली तेव्हा नावावर जमीन असलेला सावकार पैसे घ्यायला राजी झाला. राब भाजून, चिखल तुडवून जो ती जमीन कसत होता त्याचा प्रश्न मागे पडला. कागदावर तडजोड झाली, पण ज्याचे गेले त्याला कोणी विचारले नाही.

सूरह हुजुरातच्या नवव्या आयतीत दोन गटांत सलोखा करायला सांगितले आहे आणि तो न्यायाने करा, असे बजावले आहे. पुढच्याच आयतीत मोमिन हे एकमेकांचे भाऊ आहेत, म्हणून भावांमध्ये सलोखा करा, असा आदेश आहे. क्रम पाहा. आधी न्याय, मग भाऊपणा. न्याय वगळून भाऊपणाची गोष्ट करणे म्हणजे दुबळ्याला गप्प बसवणे होय. माफ करण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा आहे. इतरांनी त्याच्या वतीने उदार होऊ नये.

बहिणीची सही

पालक बंधुभगिनींनो, आता आपल्या घराकडे वळू.

मुळशीच्या सावकारांना नावे ठेवणे सोपे आहे. पण हिंजवडीला माहिती-तंत्रज्ञान उद्यान आले, रस्ते रुंद झाले, बंगल्यांसाठी डोंगरउतार विकले जाऊ लागले आणि ज्या वरकस जमिनीकडे कोणी पाहत नव्हते तिला भाव आला. भाव आला तशी भाऊबंदकीही आली. आणि त्याबरोबर एक कागद घरोघर फिरू लागला, 'हक्कसोडपत्र'.

सूरह निसामध्ये आई-बापांनी आणि नातेवाइकांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत पुरुषांचा वाटा आहे तसा स्त्रियांचाही आहे, मग ती मालमत्ता थोडी असो की फार, असा स्पष्ट हुकूम आहे. मुलाच्या वाट्याच्या निम्मा मुलीचा वाटा त्याच सूरहने ठरवून दिला आहे. आपण व्याजापासून दूर राहण्याची काळजी घेतो, हलाल-हरामची चौकशी करतो, आणि बहिणीला मात्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन सही घेतो. ती सही करते. का करते? सही केली नाही तर माहेर तुटेल, ईदला कोणी बोलावणार नाही, बाळंतपणाला कोणी येणार नाही, या भीतीने करते. मग आपण म्हणतो, "बहिणीने राजीखुशीने सोडले."

तिने खरोखरच आनंदाने सोडले असेल तर प्रश्नच नाही. तो तिचा मोठेपणा. पण भीतीने दिलेली सही ही माफी होऊ शकत नाही. अशी सही घेऊन त्या पैशातून आपण उमऱ्याला गेलो, तर ज्याच्या घरी जातो आहोत त्याच्यापुढे कोणत्या तोंडाने उभे राहणार? दोन-तीन दिनारांसाठी जेथे नमाज थांबली, तेथे बहिणीच्या गुंठ्यांचा हिशेब होणार नाही असे आपण कशाच्या आधारावर धरून चाललो आहोत?

भांडण मिटवण्यासाठी सरकारनेही वेळोवेळी हात पुढे केला आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. जानेवारी २०२३ मध्ये शासनाने एक योजना काढली. एकाच्या नावावरची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याच्या नावावरची पहिल्याच्या ताब्यात, अशी स्थिती किमान बारा वर्षे असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी. या योजनेला शासनाने नाव दिले 'सलोखा योजना'. जुना शब्द पुन्हा एकदा जमिनीच्या कागदावर आला. पण सरकार फार तर शुल्क कमी करील. भावाच्या दारात जायला पाऊल आपलेच उचलावे लागते.

पहिले पाऊल

हे पाऊल कसे उचलावे? इतिहासातून जे दिसले त्याचेच सार सांगतो.

आपल्याकडे दुसऱ्याचे काही अडकले असेल तर बोलण्याआधी ते परत करावे. आधी हिशेब, मग आलिंगन. सारे एकदम देणे शक्य नसेल तर कबूल करून हप्त्याने द्यावे. पण कबूल करावे. मावळच्या यजितखतात हेच धैर्य होते.

आपले दुसऱ्याकडे अडकले असेल तर ते मागण्याचा आपला हक्क आहे. मात्र मागणे वेगळे आणि अबोला धरणे वेगळे. तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये आणि दोघांत जो आधी सलाम करील तो चांगला, अशी पैगंबरसाहेबांची शिकवण आहे. "आधी त्याने यावे" या आपल्या हट्टाला हे सरळ उत्तर आहे.

आपण तिऱ्हाईत असू तर गावातल्या शहाण्या माणसांना बसवावे. तेल ओतणारे पुष्कळ असतात. बिघडलेले संबंध जुळवून देणे हे नफल रोजे, नमाज आणि सदका यांहूनही वरच्या दर्जाचे काम आहे, असे हदीसमध्ये सांगितले आहे. मात्र मिटवताना दुबळ्याच्या वाट्याची कात्री लावून मिटवू नये.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. आजोबांचे किंवा वडिलांचे भांडण तुमच्या नावावर वारसाहक्काने लागलेले नाही. ज्या चुलत भावाशी बोलायचे नाही असे तुम्हाला शिकवले गेले, तो बहुधा तुमच्याच शाळेत, शेजारच्या वर्गात बसतो. त्याला परीक्षेच्या आदल्या दिवशी वही द्या. मोठ्यांना कागद लागतील, पंच लागतील. तुम्हाला एक वही पुरे.

वाचकहो, रोजची नमाज कशी संपते ते आठवा. सारा वेळ माणूस किब्ल्याकडे तोंड करून अल्लाहशी बोलत असतो. शेवटी मात्र तो मान उजवीकडे वळवतो, मग डावीकडे वळवतो आणि सलाम म्हणतो. नमाज तेथे पुरी होते. त्या उजव्या-डाव्या बाजूला फरिश्ते असतात, तशीच सफेतली माणसेही असतात. त्यांतला एखादा आपला भाऊ असेल.

पुढच्या ईदला चपला शोधण्यापूर्वी त्याला शोधावे. आणि बहिणीकडे शीरखुर्मा पाठवताना तिच्या वाट्याचे कागदही सोबत न्यावेत. असे झाले तर ईदगाहपासून घरापर्यंतची ती थोडीशी वाट आपल्या सुलूकातली मोठी मजल ठरेल. अल्लाह आपल्या सर्वांना त्याची तौफीक देवो. आमीन.